तबकडी ते बुकशेल्फ स्पीकर : जुन्नर-आंबेगावच्या घरांतील श्रवणाचा इतिहास

१/२३
दहा हजार रुपयांच्या आसपास घरी ऐकण्यासाठी स्पीकरची कोणती जोडी घ्यावी? नारायणगाव किंवा मंचरच्या दुकानात या प्रश्नाचे उत्तर आज वॉट, इंच आणि ब्लूटूथ या शब्दांत मिळते. परंतु गेल्या शंभर वर्षांत मराठी घरांनी हा प्रश्न निरनिराळ्या यंत्रांबाबत पुन्हा पुन्हा सोडवला आहे. प्रत्येक वेळी किमतीबरोबर आणखी एक गोष्ट ठरत गेली : घरात कोणी ऐकायचे. त्या निवडींचा हा इतिहास. #धागा

२/२३
तुलना करायची तर कसोटी समान हवी. येथे प्रत्येक यंत्राला तीन प्रश्न विचारले आहेत. घ्यायला आणि चालवायला खर्च किती? कोणता आवाज पोहोचतो आणि कोणता वाटेत हरवतो? आणि बटण कोणाच्या हातात असते? आवाजाच्या परीक्षेसाठी वाद्यही याच मातीतले घेऊ, ते म्हणजे ढोलकी. तिची एक बाजू उंच व टणक बोलते, तर दुसरी, धुमाची, खोल व घुमणारी. स्वस्त यंत्र प्रथम ही दुसरी बाजू गमावते.

३/२३
यंत्रापूर्वीचे श्रवण या भागात उघड्यावर होते. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. यात्रांचा हंगाम जवळ आला की येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन आपल्या जत्रेसाठी फडाला सुपारी देतात. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांचा आवाज रात्रीच्या शांततेत शिवारापलीकडे जाई. मात्र कनातीच्या आत बसणारा प्रेक्षक बहुतांशी पुरुष असे. ‘घरंदाज’ म्हणवणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांना हा आवाज दुरूनच ऐकू येई.

४/२३
स्त्रियांचे स्वतःचे श्रवण वेगळे होते. पहाटे जात्यावर दळताना म्हटलेली ओवी हे घराच्या आतले संगीत होते. तिला श्रोता लागत नसे. जात्याची घरघर हाच तिचा ठेका. म्हणजे गावात दोन ध्वनी नांदत होते : बाहेर पुरुषांचा फड आणि आत स्त्रियांचे जाते. पुढची शंभर वर्षे प्रत्येक नव्या यंत्राला या दोहोंमधला उंबरठा पार करावा लागला.

५/२३
पहिले यंत्र ग्रामोफोन. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्यास आला आणि गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना सुरू झाला. या तबकड्यांच्या मिश्रणातील एक महत्त्वाचा घटक लाख, म्हणजे भारताच्याच जंगलांतील किड्यांनी झाडांवर तयार केलेला राळेसारखा पदार्थ. कच्चा माल देशी असला, तरी यंत्र मात्र सामान्य शेतकरी कुटुंबाच्या आवाक्यापलीकडे राहिले.

६/२३
खर्च खरेदीवर थांबत नसे. पोलादी सुई वारंवार बदलावी लागे आणि तबकडी पडली की फुटे. जमेची बाजू एकच : विजेची गरज नव्हती. चावी भरली की दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटे वाजे. रंगमंचावर रसिकांच्या आग्रहाने लांबत जाणारे नाट्यपद या तीन मिनिटांत बसवावे लागले. बालगंधर्वांचा स्वर नाटक कंपनीचा मुक्काम कधीच न पडणाऱ्या गावात पोहोचला, तो असा संक्षिप्त होऊन.

७/२३
आता ढोलकीची परीक्षा. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी गायकाचा आवाज थेट कर्ण्यात झेलला जाई. त्या पद्धतीत साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढाच पट्टा नीट उमटत असे. माणसाचा कान वीस ते वीस हजार हर्ट्झ ऐकतो. गळा कसाबसा या चौकटीत मावला, पण ढोलकीचा धुम जवळजवळ नाहीसा झाला. जुन्या तबकड्यांत ठेका दूरच्या खोलीतून आल्यासारखा वाटतो, त्याचे हे एक मोठे कारण.

८/२३
बटण, म्हणजे येथे चावी, वाड्याच्या मालकाच्या हाती होती. ग्रामोफोन ओसरीवर किंवा दिवाणखान्यात असे. स्त्रिया माजघराच्या दाराआडून ऐकत. तरीही एक बदल झाला होता. जे गाणे ऐकायला थिएटरात किंवा बैठकीत जावे लागे, ते आता घराच्या छपराखाली आले. ऐकणारी व्यक्ती जागची हलली नाही, आवाजच तिच्याकडे चालत आला.

९/२३
दुसरे यंत्र रेडिओ. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ रोजी. पुण्याच्या केंद्रामुळे जुन्नर-आंबेगावच्या श्रोत्याला आपल्या जिल्ह्याचा आवाज मिळाला. पण व्हॉल्व्हच्या संचाची किंमत काही शे रुपये असे. शिवाय संच बाळगण्यासाठी टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे. त्याची वार्षिक फी दीर्घकाळ १५ रुपये होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरी रेडिओ ऐकणे ही सरकारदरबारी नोंदवायची बाब होती.

१०/२३
विजेचा प्रश्न त्याहून मोठा. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले १९६० मध्ये आणि खेड्यांचे विद्युतीकरण त्यानंतरच्या दशकांत वेगाने झाले. त्याआधी जेथे तारा नव्हत्या, तेथे व्हॉल्व्हचा रेडिओ जड कोरड्या बॅटऱ्यांवर चालवावा लागे. त्या महाग असत आणि लवकर संपत. पठारावरच्या बाजारगावांत रेडिओ आला, तेव्हा भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरी वाड्यांत तो ऐकिवातच राहिला. एकाच तालुक्यात श्रवणाचे दोन काळ एकदम चालू होते.

११/२३
आवाजात मात्र ही मोठी झेप होती. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी फिरत्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाची रचना प्रसिद्ध केली. आजचे बहुसंख्य स्पीकर तिचेच वंशज. सहा-आठ इंची कागदी शंकू आणि भोवती लाकडी पेटी यांमुळे रेडिओचा आवाज भरदार झाला. मध्यम लहरींवर सुमारे पाच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही येत नसे, त्यामुळे झांजेची धार बोथट होई. पण ढोलकीचा धुम परतला होता.

१२/२३
या यंत्राचे सामर्थ्य दिसले १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला. पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडके यांचे, मूळ कल्पना सीताकांत लाड यांची. वर्षभरात ५६ गीते प्रसारित झाली. प्रसारणाच्या वेळी रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून घरे ऐकायला बसत, अशा आठवणी पुष्कळांनी सांगितल्या आहेत. क्रोशाच्या आवरणाखाली फळीवर बसलेला रेडिओ त्या वर्षी देवघराच्या जवळ सरकला.

१३/२३
याच केंद्रावर त्याच सुमारास दुसरा, आज जवळपास विस्मरणात गेलेला प्रयोग चालू होता. युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे जिल्ह्यासह पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांत रेडिओ श्रोतृमंडळे भरवण्यात आली. शेती, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवर अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र ऐकायचे, मग चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे, अशी ही रीत. कल्पना कॅनडातील शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून घेतलेली होती.

१४/२३
प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने केले. मंडळे असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे, अशी तुलना त्याने मांडली. मंडळांच्या गावांत माहितीची वाढ ठळक दिसली, तर इतरत्र ती नगण्य ठरली. नुसता संच पुरवून फरक पडत नव्हता. ऐकल्यावर बोलणारी माणसे सोबत असली, तरच फरक पडत होता. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली.

१५/२३
हे दोन प्रयोग शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. ‘गीतरामायण’ घरात आले आणि स्त्री-पुरुष-मुले एकत्र बसली. श्रोतृमंडळाची जागा चावडीची किंवा शाळेची, जेथे स्त्रिया सहसा बसत नसत. केंद्र तेच, लहर तीच. तरीही यंत्र कोठे ठेवले आहे यावरून श्रोता कोण हे ठरत होते. सामुदायिक संच सर्वांत स्वस्त, कारण त्याचा खर्च गावात वाटला जाई. पण त्याने गावातल्या जुन्या बसण्याच्या जागा जशाच्या तशा ठेवल्या.

१६/२३
त्या जागा खऱ्या अर्थाने हलवल्या तिसऱ्या यंत्राने. ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये लागला आणि १९५४ मध्ये खिशात मावणारा पहिला रेडिओ तेथे बाजारात आला. पुढच्या दोन दशकांत त्याचे भाऊबंद चामडी पिशवीत बसून मळ्यात, गोठ्यात आणि डोंगरातल्या वाड्यांत पोहोचले. वीज नको, तापण्याची वाट पाहणे नको. सेल मंदावले की उन्हात ठेवायचे आणि आणखी दोन-चार दिवस ऐकायचे, ही काटकसर घराघरांत होती.

१७/२३
आवाजाच्या कसोटीवर मात्र ही पीछेहाट. तीन इंचांचा शंकू आणि पातळ पेटी दोनशे हर्ट्झच्या खालचा आवाज जवळजवळ निर्माणच करू शकत नाही. तरीही पुरुषाचा खर्जातला आवाज ट्रान्झिस्टरवर ओळखू येतो, कारण वरच्या स्वरांशांवरून मेंदू हरवलेला मूळ स्वर मनातल्या मनात भरून काढतो. गाण्याबाबत ही भरपाई चालते. धुमाचा छातीवर येणारा आघात मात्र मेंदूला कल्पनेने निर्माण करता येत नाही. त्यासाठी हवाच हलावी लागते.

१८/२३
पण बटण आता अनेक हातांत गेले होते. दुपारी कामे आटोपल्यावर मुंबई केंद्राचे ‘वनिता मंडळ’ ऐकणारी स्त्री कोणाच्या परवानगीने ऐकत नव्हती. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर चित्रपटगीते दुर्मिळ झाली, तेव्हा तरुण श्रोते काटा फिरवून रेडिओ सिलोनला गेले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली विविध भारती हे या काटा फिरवण्यालाच सरकारने दिलेले उत्तर होते.

१९/२३
याच काळात एक विलक्षण उलटापालट झाली. ज्या लावणीच्या फडापासून स्त्रियांना दूर ठेवले जाई, ती लावणी तबकडी आणि रेडिओतून माजघरात आली. ‘रंगल्या रात्री अशा’ (१९६२) या चित्रपटानंतर सुलोचना चव्हाण यांचा आवाज घराघरांत ओळखीचा झाला. डोक्यावरून पदर घेऊन मंचावर उभ्याने गाणारी ही गायिका कुटुंबांना सहज स्वीकारता आली. फडाच्या बोर्डावर उभ्या राहणाऱ्या विठाबाई नारायणगावकरांना मात्र घराचा उंबरठा तितका सोपा नव्हता. १९९० मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या विठाबाईंचे अखेरचे दिवस आर्थिक विवंचनेत गेले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. यंत्राने लावणीला प्रतिष्ठा दिली, लावणी नाचणारीला दिली नाही.

२०/२३
चौथे यंत्र कॅसेट. फिलिप्सने ती १९६३ मध्ये आणली, पण भारतात तिची लाट उसळली १९८० च्या दशकात. तबकडीच्या धंद्यावर एका बड्या कंपनीची दीर्घकाळची पकड होती. ती सैल झाली आणि लहान उत्पादकांनी भक्तिगीते, भीमगीते, पोवाडे, वगनाट्ये यांच्या कॅसेट बाजारात आणल्या. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज एसटी स्थानकाबाहेरच्या टपरीपासून दिंडीपर्यंत पोहोचला. सरसर आवाज आणि गुंतणारी फीत ही त्या स्वस्ताईची किंमत होती.

२१/२३
कॅसेटमध्ये आणखी एक गोष्ट होती : लाल बटण. प्रथमच घरातले यंत्र घराचाच आवाज ऐकू शकत होते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील स्त्रियांच्या ओव्या टिपायला सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या संग्रहात आज महाराष्ट्रभरातील एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि त्यांतल्या अनेक ध्वनिमुद्रित आहेत. पिठाच्या गिरणीने जाते थांबवले होते. यंत्राने एक आवाज मिटवला आणि दुसऱ्या यंत्राने त्याचा काही भाग वाचवला.

२२/२३
आता आजची जोडी. लहान पेटीतून खोल आवाज काढण्याची गुरुकिल्ली १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी दिली. बंद पेटीतली हवाच शंकूची स्प्रिंग म्हणून वापरायची. फडताळावर मावणारा स्पीकर त्यामुळे शक्य झाला. आज चार-पाच इंची शंकूची साधी जोडीही साठ-ऐंशी हर्ट्झपर्यंत उतरते. निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पेटीच्या मागे छिद्र असेल, तर ती भिंतीपासून दूर हवी. कोनाड्यात कोंबली तर आवाज घुमतो. तेथे बंद पेटी बरी. आत अ‍ॅम्प्लिफायर असलेली जोडी स्वस्त आणि सुटसुटीत पडते. वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरची महाग पडते, पण बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो. आणि दुप्पट वॉटने आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणून वॉटच्या आकड्याला भुलू नये. फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत समोर टांगलेली गोधडी पुष्कळदा महागड्या यंत्राइतकी उपयोगी पडते.

२३/२३
चारही यंत्रांचा हिशेब मांडला तर दिसते की यंत्र स्वस्त आणि सुटसुटीत झाले की ऐकणारे वाढले. ट्रान्झिस्टरच्या वेळी त्याची किंमत खालच्या स्वरांनी आणि एकत्र बसण्याने चुकवली. आजच्या साध्या जोडीने धुम परत दिला आहे. उरलेले काम यंत्राचे नाही. १९५६ च्या प्रयोगाने दाखवलेली गोष्ट घरालाही लागू पडते : ऐकल्यावर बोलणारे कोणी सोबत असेल, तर श्रवणाचे मोल वाढते. तेव्हा दुकानात स्पीकर पारखताना ढोलकीची लावणी वाजवून पाहावी, धुम नीट येतो का ते ऐकावे आणि घरी आणल्यावर आजीला विचारावे, काय लावू? तिने आजवर बहुधा दुसऱ्यांनी लावलेलेच ऐकले असेल.

(समाप्त)